कृष्णाबाईंची मागची भिंत

घर विकत घेण्याआधी लोक माझ्या वडिलांना ते दाखवायला न्यायचे. त्यांचं नाव पद्मनाभ नरगुंदकर. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. भिंत ओळंब्यात आहे का, पाया कुठं खचलाय का, स्लॅब पावसाळ्यात गळेल का, हे बघून सांगायचं, एवढंच काम. हुबळीत तेव्हा या कामाला नाव नव्हतं. कोणी त्यांना इंजिनियर म्हणायचं, कोणी मेस्त्री. ते दोन्ही नव्हते. एका बांधकाम कंत्राटदाराकडे त्यांनी उमेदीची सगळी वर्षं सुपरवायझर म्हणून घालवली होती. नव्वद सालाच्या आसपास ते कंत्राटदार वारले, मुलांनी धंदा गुंडाळून टायरचं दुकान काढलं आणि अप्पा पन्नाशीत घरी बसले. विद्यानगरात जुनं घर घेणाऱ्या एका ओळखीच्या वकिलांनी सहज विचारलं, "जरा येऊन बघून जाता का?" तिथून सुरुवात झाली. एकानं दुसऱ्याला सांगितलं. पाटी लावली नाही, कार्ड छापलं नाही, तरी कमरीपेठेतल्या आमच्या घराचा पत्ता लोक शोधत यायला लागले.

खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात ओळंबा, टॉर्च, छोटी हातोडी आणि एक लांब लोखंडी सळई. घरात शिरल्यावर अप्पा बोलायचे नाहीत. कपाटामागे हात घालून भिंत गार लागते का बघायचे. भलत्याच जागी कॅलेंडर टांगलेलं दिसलं की वर उचलून बघायचे. मागे बहुतेक ओल असायचीच. फरशीवर तांब्याभर पाणी ओतून ते कुठल्या अंगाला पळतं ते पाहत उभे राहायचे. बरोबर आलेल्यांचे प्रश्न ठरलेले असायचे. घर अजून किती वर्षं जाईल? वर एक मजला चढेल का? बँक कर्ज देईल ना? आणि शेवटी, आवाज खाली आणून, "घ्यावं का?"

अप्पांचे दोन नेम होते. घराच्या मालकाला काही विचारायचं नाही, आणि मालकाच्या दारात काही बोलायचं नाही. विकणारा माणूस खरं सांगत नाही, हे त्यांचं पक्कं मत. भेगेत साबण भरून वरून चुना फासलेला त्यांनी पाहिला होता. "घर सांगतंय तेवढं पुरे," म्हणायचे. बघून झालं की गल्लीच्या तोंडाशी यायचं आणि तिथं, घेणाऱ्याच्या कानात, काय ते सांगायचं. सगळे असंच करतात, यात काही वावगं आहे असं आमच्यापैकी कुणालाच कधी वाटलं नाही.

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात रेल्वेत नोकरीला असलेले वेंकटेश नावाचे एक गृहस्थ त्यांना धारवाडला घेऊन गेले. माळमड्डीच्या पलीकडे, नव्या वस्तीत एक बैठं घर होतं. घराच्या मालकीण कृष्णाबाई. त्यांचे यजमान शाळेत ड्रॉइंगचे मास्तर होते, काही वर्षांपूर्वी वारले. मूलबाळ नव्हतं. घर स्वच्छ, पुढं तुळस, मागे मोठी निजायची खोली. त्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यापासून फरशीपर्यंत तिरपी रेघ उतरलेली अप्पांना दिसली. तिथला रंग बाकीच्या भिंतीपेक्षा नवा होता. सळईचं टोक लावलं तर भरलेली लांबी खाली पडली आणि बोट आत जाईल एवढी भेग निघाली. मागचं दार चौकटीत अडकत होतं.

धारवाडच्या त्या बाजूला काळी माती आहे. पाणी मुरलं की ती फुगते, वाळली की आकसते. पाया तिच्यातून खाली मुरमापर्यंत नेला नाही तर घर तिच्याबरोबर हलत राहतं. अप्पांनी अशी घरं पुष्कळ पाहिली होती. त्यांनी फार वेळ घेतला नाही. कृष्णाबाईंनी दोघांना लिंबाचं सरबत दिलं. अप्पांनी ते घेतलं, छान झालंय म्हणाले आणि निघाले.

गल्लीच्या तोंडाशी वेंकटेशांनी विचारलं, "काय करू?"

"मागची भिंत चाललीय. पाया काळ्या मातीतच ठेवलेला दिसतो. नका घेऊ."

"दुरुस्त करून घेतलं तर?"

"पाया कोण दुरुस्त करत बसणार? मी असतो तर घेतलं नसतं."

वेंकटेशांनी ते घर सोडलं. अप्पाही विसरले, दुसऱ्या दिवशी दुसरं घर होतं. पण वेंकटेशांनी कचेरीत सांगितलं, कचेरीतून ते दलालांच्या कानावर गेलं. हुबळी आणि धारवाड ही म्हणायला दोन गावं, पण घराची गोष्ट इकडून तिकडं जायला वेळ लागत नाही. पुढे जो कोणी ते घर बघायला निघायचा, त्याला आधीच कळायचं की पद्मनाभरावांनी नको म्हटलंय. काहीजण बघायला जायचे, चहा घ्यायचे, कळवतो म्हणायचे. त्यांनी कळवलं नाही. यातलं काहीच आम्हाला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर दोन वर्षांनी, उन्हाळा संपत आला असताना, एका दुपारी कृष्णाबाई आमच्या दारात उभ्या राहिल्या. दार मीच उघडलं. बारीक अंगाच्या, साठीच्या पुढच्या, हातात छत्री. धारवाडहून बसनं आल्या होत्या. आईनं पाणी दिलं. अप्पा आतून आले, पण त्यांनी ओळखलं नाही.

"मी कृष्णाबाई," त्या म्हणाल्या. "रेल्वेतल्या वेंकटेशबरोबर माझं घर बघायला आला होता तुम्ही. धारवाडला."

अप्पांना आठवलं. "हां, हां. बसा की."

"तुम्ही घर नको म्हणाला होता, हे मला परवा कळलं. दलालानं सांगितलं. दोन वर्षं मी त्याला विचारत होते, लोक येऊन जातात, मग नाही का म्हणतात. परवा वैतागून बोलून गेला तो."

"अक्का, मी ज्याच्याबरोबर आलो, त्याला सांगितलं. पद्धतच तशी असते."

"असेल. मी भांडायला आले नाही." त्यांनी पेला खाली ठेवला. "सरबत घेतलंत, छान झालंय म्हणालात. मला वाटलं, घर पसंत पडलं."

अप्पा त्यांच्या समोर बसले.

"आता विकायचंही राहिलं नाही," त्या म्हणाल्या. "बेळगावला माझी धाकटी बहीण होती, सरस्वती. तिचेही यजमान गेलेले. दोघींनी मिळून राहायचं ठरलं होतं. तिला दमा. हिवाळ्यात तिला एकटीनं काही करणं जमायचं नाही. घर विकलं की येते, असं मी सांगत राहिले. या संक्रांतीच्या आधी ती गेली."

आई चहा टाकायला उठली होती, ती स्वयंपाकघराच्या दारातच थांबली.

"मग आज कशासाठी आलात?" अप्पांनी विचारलं. आवाज अगदी खाली गेला होता.

"मी त्या मागच्या खोलीतच निजते, अण्णा. तिथं वारा येतो. भिंत पडणार असेल तर मला सांगा. बाकी सगळ्यांना ठाऊक आहे, मलाच कुणी सांगितलं नाही."

अप्पा म्हणाले, "उद्या सकाळी येतो. आज पुढच्या खोलीत निजा. खाट भिंतीपासून लांब ओढून घ्या. ऐकाल ना?"

"ऐकेन की," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर अप्पा ओट्यावर जाऊन बसले. आई त्यांच्याजवळ गेली. "तुम्ही खोटं सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

"खोटं नव्हतं," अप्पा म्हणाले. "त्या वेंकटेशला मी गल्लीत नेऊन सांगितलं. तो तर त्या घरात राहतही नव्हता."



दुसऱ्या दिवशी ते आमच्याच पेठेतल्या फकिरप्पा गौंड्याला बरोबर घेऊन गेले. तिथं काय झालं ते त्यांनी पुढं कधीतरी आईला सांगितलं, तेव्हा मी तिथंच होते. त्यांनी या वेळी पिशवी उघडलीच नाही. आधी कृष्णाबाईंना समोर बसवून विचारायला सुरुवात केली. भेग पहिल्यांदा कधी दिसली? कृष्णाबाईंना सगळं माहीत होतं. मास्तरांनी घर बांधलं तेव्हा ती नव्हती, पुढं कितीतरी वर्षं नव्हती. नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायला लागलं, तेव्हा मागच्या अंगणात, भिंतीला लागूनच, जमिनीखाली टाकी बांधून घेतली. इकडे तिला सगळे संप म्हणतात. त्यानंतरच्या उन्हाळ्यात भेग आली. पावसाळ्यात मिटते, उन्हाळ्यात उघडते. घर दाखवायचं ठरलं तेव्हा दलालानं माणूस पाठवून ती बुजवली होती.

"टाकीतलं पाणी पुरतं का?" अप्पांनी विचारलं.

"कुठलं? एकटं माणूस मी. भरून ठेवते आणि तीन दिवसांत तळ दिसतो. मला वाटायचं, माझा हातच सैल आहे."

फकिरप्पानं मागच्या कोपऱ्यात खड्डा घेतला. खाली जाता जाता माती मळलेल्या कणकेसारखी लागायला लागली. "नीर ऐतरी," तो खालून म्हणाला. पाणी आहे. आणखी खाली गेल्यावर पायाचे दगड दिसले, आणि त्यांच्याखाली पिवळा, घट्ट मुरूम. मास्तरांनी पाया बरोबर जागी नेला होता. फुटकी टाकी इतकी वर्षं त्याच्या एका कोपऱ्याला पाणी पाजत होती, आणि मुरूमसुद्धा तिथं मऊ पडला होता.

अप्पा त्या खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसून राहिले. दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न विचारला असता तर याच बाईंनी हेच उत्तर दिलं असतं. घर वाईट नाही, टाकी फुटलीय, ती काढून कोपरा भरून घ्या, असं त्यांनी वेंकटेशांना सांगितलं असतं. कदाचित घर तेव्हाच विकलं गेलं असतं. कृष्णाबाई त्या हिवाळ्यात बेळगावला असत्या. सरस्वतीबाई वाचल्याच असत्या असं नव्हे, हे अप्पाही म्हणायचे. पण जवळ कोणीतरी असतं.

त्यांनी ते तिथल्या तिथं कृष्णाबाईंना सांगितलं. लपवलं नाही. "त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं असतं तर हे तेव्हाच कळलं असतं, अक्का."

कृष्णाबाई मातीच्या ढिगाकडे बघत होत्या. "भिंत पडणार नाही ना?"

"आजच नाही पडणार. पण काम करायला हवं."

"मग करा," त्या म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या. अप्पांना वाटलं होतं, त्या काहीतरी बोलतील. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ते म्हणायचे.

टाकी फोडून तो खड्डा मुरमानं भरला. कोपऱ्याखाली थोडं थोडं उकरून नवा दगड आणि सिमेंट घातलं. भिंतीच्या कडेनं उताराची फरशी केली, पावसाचं पाणी लांब जावं म्हणून. नवी टाकी दुसऱ्या अंगाला, जमिनीच्या वर बसवली. अप्पा रोज धारवाडला जाऊन उभे राहायचे. काम झाल्यावर त्यांनी भेगेवर काचेच्या पट्ट्या आडव्या चिकटवल्या. भिंत हलली तर काच तडकते. हलली नाही तर तशीच राहते. हे कळायला दुसरा कुठलाही उपाय नाही, ऋतू जाऊ द्यावे लागतात.

पुढच्या उन्हाळ्यात एक काच तडकली. अप्पा ते बघून घरी आले. माती सुकते आहे, वेळ लागेल, असं ते आईला सांगत होते, पण स्वतःलाच सांगत असावेत. त्यांनी नवी काच लावली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात काही झालं नाही. पावसाळाही गेला. मग त्यांनी भेग बुजवून घेतली आणि कृष्णाबाईंना म्हणाले, "आता घर ठीक आहे. विकायचं असेल तर कुणालाही दाखवा. मी सांगेन."

"आता विकून जाऊ कुठं, अण्णा?" त्या म्हणाल्या.

तरीही अप्पा वेंकटेशांना भेटायला गेले. त्यांनी तोवर विद्यानगरात फ्लॅट घेतला होता. अप्पांनी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "मी नको म्हटलं हे तुम्ही ज्यांना सांगितलंत, त्यांना आता हेही सांगा."

वेंकटेश चांगले गृहस्थ होते. त्यांना खरोखरच वाईट वाटलं. पण ते म्हणाले, "कोणाकोणाला सांगितलं ते आता कसं आठवणार, पद्मनाभराव? आणि त्यांनी पुढं कुणाला सांगितलं?"

मग अप्पा स्वतः दलालांकडे फिरले. एकानं ऐकून घेतलं. दुसरा हसला आणि म्हणाला, "तुम्हाला त्यात काय मिळणार आहे?" त्याला वाटलं, अप्पांनीच आता त्या घराची दलाली धरलीय.

त्यानंतर अप्पांनी आपले दोन्ही नेम मोडले. मालक घरात असेल तरच घर बघायला जायचं, त्याला सगळं विचारायचं, आणि जे दिसेल ते दोघांच्या समोर बोलायचं. हे कोणालाच सोसलं नाही. घेणाऱ्यांना वाटायचं, दोष आपल्याला एकट्याला कळले असते तर भाव पाडून मागता आला असता. विकणारे चिडायचे. दलालांनी त्यांना बोलावणंच सोडलं. दाजीबानपेठेतल्या एका कापड दुकानदाराचं दुकानावरचं घर विकायचं होतं. स्वयंपाकघराच्या स्लॅबमधल्या सळ्या गंजून फुगल्या आहेत, हे अप्पांनी सगळ्या कुटुंबासमोर सांगितलं. दुकानदार म्हणाला, "चहा संपवा आणि उतरा खाली. परत या जिन्यावर पाय ठेवू नका." अप्पा उतरले. दुकानाच्या मागच्या बोळातून त्या दुकानदाराची बायको आली आणि हळूच विचारू लागली, की स्लॅब नेमका कुठल्या बाजूला वाईट आहे, मुलं तिथंच अभ्यासाला बसतात. अप्पांनी बोळात उभं राहून तिला समजावून सांगितलं. ते घर पुढं कुणी घेतलं की नाही, आम्हाला कळलं नाही.

आईला हे नवं वागणं पटत नव्हतं. "गावाची घरं सुधारायला निघालात," ती म्हणायची. "येणारं काम जातंय." अप्पा वाद घालत नव्हते. आणि तसंही दोन हजार सालानंतर दिवस बदलले. फ्लॅट उभे राहिले, बँकांनी आपापली माणसं नेमली, आणि अप्पांकडे जुन्या ओळखीतले तेवढे लोक यायचे. आम्ही घरखर्च सांभाळला. मी तोवर शाळेत शिकवायला लागले होते.

कृष्णाबाईंनी पुढच्या दोन खोल्या युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या मुलींना राहायला दिल्या. मागच्या खोलीतच निजत राहिल्या. दर उन्हाळ्यात अप्पा एकदा जाऊन भिंत बघून यायचे. एकदा मीही त्यांच्याबरोबर गेले होते. दोघं मागच्या अंगणात खुर्च्या टाकून बसले. पाणी केव्हा आलं होतं, कुठल्या मुलीची परीक्षा आहे, असं काहीबाही बोलणं चाललं. मध्येच कृष्णाबाई म्हणाल्या, "सरस्वतीला गोकर्णीची फुलं आवडायची. इथं आली असती तर कुंपणाला लावली असती." अप्पांनी मान हलवली. बहिणीचं नाव निघालं की ते उत्तर द्यायचे नाहीत आणि उठायचेही नाहीत. कृष्णाबाईंना पाहिजे तेवढं बोलू द्यायचे. मला वाटतं, त्या त्यांची वाट बघायच्या. सरस्वतीबाईंबद्दल बोलायला त्यांना दुसरं माणूस उरलं नव्हतं.

दोन हजार पाच साली कृष्णाबाई गेल्या. तापाचं निमित्त झालं, फार दिवस लागले नाहीत. घर त्यांच्या पुतण्याकडे गेलं. प्रभंजन त्याचं नाव, नोकरी बेंगळूरला. त्याला घर विकून मोकळं व्हायचं होतं. घराच्या दुरुस्तीचं कोणाला माहीत आहे म्हणून शेजाऱ्यांना विचारलं, तेव्हा त्यांनी अप्पांचं नाव सांगितलं. अप्पांचे गुडघे तेव्हा फार दुखायचे. मी त्यांना रिक्षातून घेऊन गेले.

घेणारं एक तरुण जोडपं होतं, दोघंही बँकेत कामाला. प्रभंजन, ते दोघं, अप्पा आणि मी असे मागच्या खोलीत उभे होतो. अप्पांनी सगळं सांगितलं. टाकी कुठं होती, कशी फुटली, मुरूम किती खाली लागतो, कोपऱ्याखाली काय घातलंय, पहिल्या उन्हाळ्यात काच तडकली होती तेही.

त्या मुलीनं लक्ष देऊन ऐकलं. मग सहज विचारलं, "शेजारी म्हणत होते, आधीच्या बाईंना हे घर फार पूर्वीच विकायचं होतं. मग का नाही विकलं?"

प्रभंजननं खांदे उडवले. त्याला काही माहीत नव्हतं.

"माझ्यामुळं," अप्पा म्हणाले. "मी ह्या घराला नको म्हटलं होतं. त्यांना काही न विचारता. त्यांना बेळगावला बहिणीकडं जायचं होतं. घर विकेना म्हणून त्या थांबल्या, तेवढ्यात बहीण वारली."

ज्या आवाजात त्यांनी मुरमाचं सांगितलं, त्याच आवाजात हे सांगितलं. प्रभंजन त्यांच्याकडे बघत राहिला. त्याच्या काकूबद्दल त्याला पहिल्यांदाच काही कळत होतं. मुलीनं भिंतीवर हात ठेवला, जिथं पूर्वी भेग होती साधारण तिथं, आणि थोड्या वेळानं काढून घेतला.

"वरची गच्चीही बघायची होती," तिचा नवरा संकोचून म्हणाला. "पावसाळ्यात गळते का ते."

"बघू या की," अप्पा म्हणाले. मी त्यांचा हात धरायला पुढं झाले, पण त्यांनी मला नको म्हटलं. कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत ते जिना चढायला लागले, आणि ते जोडपं त्यांच्यामागून निघालं.